वहीतली उभी रेघ

माझ्या गिटारच्या वहीत प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ आहे. रेघेच्या डावीकडे लिहिलंय 'हात' आणि उजवीकडे 'गाणं'. पहिल्या दिवशी सरांनी पट्टी घेऊन ती स्वतः मारून दिली. सर वयानं माझ्या लेकीपेक्षा थोडेच मोठे, सव्वीस-सत्तावीसचे. सांगलीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास आहे. जिना चढताना खारीचा वास येतो आणि वर पोचेपर्यंत कुणाची तरी अर्धवट सुरावट कानावर पडते. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना सर म्हणते. "ताई, रोज जे वाजवाल ते लिहायचं," ते म्हणाले, "हाताचं डावीकडे, गाण्याचं उजवीकडे. दोन्ही बाजू भरल्या पाहिजेत."

ही वही आता दोन वर्षांची झाली. परवा सहज चाळत बसले, तर पहिली साठ-सत्तर पानं डावीकडे गच्च भरलेली आणि उजवीकडे कोरी. त्यानंतरची बरीच पानं बरोबर उलटी.

गिटार मूळ लेकीची. ती इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि गिटार कपाटावर राहिली, तीन वर्षं. एका जूनमध्ये मी ती खाली काढली, धूळ पुसली, तारा बदलून आणल्या. वय चव्वेचाळीस, बँकेतली नोकरी, संध्याकाळी साडेसातनंतरचा तेवढा अर्धा-पाऊण तास माझा.

डावी बाजू आधी भरली याचं मला नवल वाटत नाही. माझं माहेर मिरजेचं, ब्राह्मणपुरीतलं. विष्णु दिगंबर पलुस्कर ज्या गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, ते हे गाव. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं दर्ग्यात गाणं होतं, ते हे गाव. आमच्या घरात मोठं गवई कुणी झालं नाही, पण आई मध्यमा परीक्षेपर्यंत गाणं शिकली होती आणि पहाटे पाचला तिचे पलटे सुरू व्हायचे. सारेग, रेगम, गमप. मी अंथरुणात डोळे मिटून ते मोजायची. त्यामुळे शिकणं म्हणजे आधी पलटे, गाणं नंतर, हे माझ्या अंगातच मुरलेलं होतं.

गिटारवरचा पहिला पलटा म्हणजे ज्याला सगळे 'स्पायडर' म्हणतात तो. सहाव्या तारेवर पहिल्या फ्रेटला, म्हणजे पडद्याला, तर्जनी, दुसऱ्याला मधलं बोट, तिसऱ्याला अनामिका, चौथ्याला करंगळी. मग पाचव्या तारेवर तेच, मग चौथ्या. सहा तारांवर चोवीस स्वर, परत खाली येताना चोवीस. मेट्रोनोम, म्हणजे लयीत टिकटिक करणारं यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात करंगळी तारेपर्यंत पोचेच ना. ती हवेत ताठ उभी राहायची आणि बाकीची तीन बोटं तिची वाट बघत थांबायची. बोटांच्या टोकांवर तारेच्या बारीक निळसर रेघा उमटायच्या. भाकरी उलटताना गरम तवा जरा जास्तच झोंबायचा. महिन्याभरात कातडी टणक झाली आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला.

वहीत आकडे चढत गेले. साठ, चौसष्ट, बहात्तर, ऐंशी. आठ महिन्यांत शहाण्णववर पोचले. अभ्यासाची गोडी या आकड्यात असते, हे मी अनुभवानं सांगते. काल ऐंशी होतं, आज चौऱ्याऐंशी झालं. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवणाऱ्या माणसाला असा स्वतःचा चढता आकडा फार समाधान देतो. गाण्याला असा आकडा नसतो. गाणं आज कालच्यापेक्षा बरं झालं की नाही, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

सर अधूनमधून विचारायचे, "ताई, उजवी बाजू?" मी म्हणायची, "हात अजून तयार नाही हो सर." ते फार ताणून धरायचे नाहीत.

फेब्रुवारीत कोल्हापूरला भावाच्या घराची वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर सगळे सतरंजीवर बसले. गिटार मी बरोबर नेली होती, कारण रोजचा नेम मोडायचा नव्हता. कुणीतरी म्हणालं, वाजव की काहीतरी. मी बसले, गिटार मांडीवर घेतली आणि हाताला जे येत होतं ते वाजवलं. मेजर स्केल वर आणि खाली, मग स्पायडर. एकही स्वर चुकला नाही. वाजवून झाल्यावर सगळे शांत होते. माझी पाच वर्षांची भाची अगदी जवळ येऊन बसली होती. तिनं विचारलं, "आत्या, हे कुठलं गाणं?"

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिला जवळ घेतलं, पण उत्तर दिलं नाही. रात्री परतीच्या एसटीत गिटार दोन्ही गुडघ्यांत धरून बसले होते आणि डोळे भरून येत होते. आठ महिने रोज वाजवून त्या लेकराला गुणगुणता येईल अशी एक ओळसुद्धा माझ्याकडे नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून डावी बाजू बंद झाली.

मार्च ते जुलै मी फक्त गाणी वाजवली. फोनवर व्हिडिओ लावायचा, कॉर्ड्स, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरांचे गट, लिहून घ्यायच्या, डाउन-डाउन-अप-अप-डाउन-अप असा हात चालवायचा आणि म्हणायचं. पहिल्यांदा जी, सी आणि डी या तीन कॉर्ड्सवर एक अख्खा मुखडा बसला, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन तो नवऱ्याला दोनदा ऐकवला. त्या सुखाबद्दल मी आजही काही वावगं बोलणार नाही. गळ्यातलं हातात उतरतं आणि खोली भरून जाते, त्या क्षणासाठीच तर माणूस वाद्य हातात घेतं.

पण वहीची उजवी बाजू बघा. तेवीस गाणी आणि बहुतेक प्रत्येकापुढे कंसात 'मुखडा'. अंतऱ्यात एफ किंवा बी मायनर अशी अवघड कॉर्ड आली की ते गाणं तिथंच सोडायचं आणि नवीन घ्यायचं. नवीन गाण्याचा मुखडा सोपाच असतो. असं वर्षानुवर्षं करता येतं आणि रोज वाजवल्याचं समाधानही मिळतं. मी पाच महिने केलं.

जुलैत मनगट दुखायला लागलं. सरांनी सांगितलं, "ताई, सी धरा. आता छेडू नका, एकेक तार वाजवा." पाचवी वाजली, चौथी वाजली, तिसरी, दुसरी. पहिली तार वाजवली तर नुसता 'टक्' असा लाकडी आवाज. माझी तर्जनी दुसऱ्या तारेवर टोकानं उभी राहण्याऐवजी आडवी पडत होती आणि तिचं पेर पहिल्या तारेला चिकटत होतं. पाच महिने माझा प्रत्येक सी एका मुक्या तारेचा होता. सगळ्या तारांवरून झपकन हात फिरवला की एक मुकी तार कानाला कळत नाही, बाकीच्या तिला झाकून घेतात. त्यात आपण गात असलो की ऐकायला कान मोकळा कुठे असतो? वर अंगठा गिटारच्या गळ्यावरून आकड्यासारखा वळलेला, बोटं दाबायला सगळं बळ मनगटातून. दुखणं तिथूनच आलं होतं.

"हाताला बरोबर-चूक कळत नाही ताई," सर म्हणाले. "जे परत परत कराल ते तो शिकतो."

ती एक तर्जनी उभी करायला सहा आठवडे लागले. नवीन गोष्ट शिकायला लागते त्याच्या दुप्पट मेहनत मोडायला लागते, हे तेव्हा समजलं. आठ महिन्यांच्या स्पायडरनं बोटांना जे वळण लावलं होतं, तेही गाण्यांच्या घाईत निम्मं पुसून गेलं होतं.

एफचं मात्र वेगळं होतं. एफला तर्जनीनं पहिल्या फ्रेटवर सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. तारेच्या टोकाशी असल्यामुळे ती जागाच सगळ्यात ताठ. माझा एफ काही केल्या वाजत नव्हता, अभ्यासानंही नाही आणि गाण्यानंही नाही. शेवटी आई म्हणाली, "अगं, एकदा वाद्य तरी दाखव कुणाला." मिरजेत वाद्य दाखवायचं म्हणजे सतारमेकरांकडे. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण गावाला त्यासाठी कागदाची गरज कधीच नव्हती. त्या गल्लीत पाऊल टाकलं की वाळत घातलेले भोपळे आणि पॉलिशचा वास.

दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरांनी गिटार हातात घेतली, एक डोळा मिटून गळ्यावरून नजर टाकली. मग तिसऱ्या पडद्यावर तार दाबली आणि तार आणि पहिला पडदा यांच्यात किती फट राहते ते बघितलं. "बाई, बोटात खोट नाही. अटी उंच आहे." सर ज्याला नट म्हणतात, तीच ही अटी, तारा खुंट्यांकडे जाताना जिच्या खाचांत बसतात ती पट्टी. एकेक तार बाजूला सारून त्यांनी बारीक कानशीनं एकेक खाच उतरवली. दोनदा कानस घासायची, मग तार परत खाचेत बसवून बघायची, मग अंगठ्यानं छेडून कान द्यायचा. घाई नाही. तासाभरानं त्यांनी गिटार माझ्या हातात दिली. एफ लगेच वाजला असं नाही, पण तीन आठवड्यांत वाजला. त्याआधी वर्षभर मी स्वतःच्या बोटांना दोष देत होते. नव्यानं शिकणारं कुणी भेटलं की मी आता आधी गिटारची अटी बघते, बाकीचं नंतर.

हात आणि गाणं यांत वेळ किती आणि कसा वाटायचा, हे मी त्या दिवसांत सरांना खोदून खोदून विचारलं. निम्मा-निम्मा? वीस मिनिटं आणि दहा मिनिटं? सरांचा एक विद्यार्थी ट्रिनिटी कॉलेज लंडनची अभिजात गिटारची परीक्षा देऊन आला होता. सरांनी त्याचं गुणपत्रक पुढं ठेवलं. १०० गुणांपैकी ६६ तीन रचनांना, १४ स्केल वगैरे तांत्रिक भागाला, उरलेले २० इतर दोन चाचण्यांना. मी म्हटलं, म्हणजे गाण्यालाच महत्त्व. "पुढं बघा," ते म्हणाले. प्रत्येक रचनेच्या २२ गुणांचीही फोड होती. ७ अचूकपणाला आणि ओघाला, ७ तंत्राला, ८ भाव पोचवण्याला. म्हणजे हाताचा हिशेब गाण्याच्या पोटातच मांडलेला. मी वहीतल्या रेघेकडे बघत राहिले.

हे त्या कागदावर पहिल्यांदाच घडलं होतं असं नाही. गिटारच्या परंपरेत ते फार पूर्वीपासून आहे. इटलीच्या माउरो जुलियानीनं १८१२ साली उजव्या हातासाठी १२० अभ्यास छापले. सगळे दोनच कॉर्ड्सवर, सी आणि जी सेव्हन. डाव्या हाताला गुंतवायचंच नाही, म्हणजे सगळं लक्ष उजव्या बोटांवर. तो शुद्ध व्यायाम आहे आणि मला आवडतो. पण त्याच काळातल्या स्पेनच्या फर्नांदो सोरनं शिकणाऱ्यांसाठी जे धडे लिहिले, ते वाजवले तर ऐकणाऱ्याला तो अभ्यास आहे हे कळणारही नाही. छोटीशी सुरावट असते आणि तिच्यात एखादं बोट धरून ठेवायचं, एखादी तार वाजत ठेवायची, असं काहीतरी काम गुपचूप विणलेलं असतं. सरांनी मला त्यातला एक सोपा धडा दिला. भाचीला ऐकवायला माझ्याकडे प्रथमच काहीतरी होतं, आणि ते डावीकडे लिहायचं की उजवीकडे, हे मला ठरवता येईना.

आईला हे सांगितलं तर तिला काहीच नवल वाटलं नाही. ती उठली आणि कपाटातून तिची जुनी वही काढून आणली. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी शिकणाऱ्यांसाठी दिलेली सरगमगीतं, लक्षणगीतं तिनं त्यात निळ्या शाईनं उतरवली होती. लक्षणगीतात रागाचे नियमच गाण्याचे शब्द असतात. वादी म्हणजे मुख्य स्वर कुठला, वर्ज्य म्हणजे न घ्यायचे स्वर कुठले, हे गाताना पाठ होतं. "आणि पलटे?" मी विचारलं. "पहाटे तू काय गायचीस मग?"

"सगळेच काही सारेग-रेगम नव्हते," ती म्हणाली. "आदल्या दिवशी बंदिशीत जी तान अडायची ना, तीच मी दुसऱ्या दिवशी फोडून म्हणायचे. सावकाश, एकवीस वेळा. मग परत बंदिशीत घालायची."

मी लहानपणी अंथरुणात पडून पलटे मोजत होते, पण ते कुठून आले होते ते मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. गाणं घ्यायचं, ते शेवटपर्यंत वाजवायचं, आणि जिथं अडेल तेवढाच तुकडा डावीकडे उतरवायचा. उदाहरणार्थ, जी वरून डी ला जाताना माझा हात उखडून निघायचा, चारही बोटं हवेत, आणि परत शोधत शोधत बसायची. सरांनी दाखवलं की चार बोटांनी जी धरला तर अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर असते, आणि डी मध्येही ती तिथंच असते. तिला हलवायचंच नाही. ती खुंट्यासारखी रोवून ठेवायची आणि बाकीच्यांनी तिच्याभोवती फिरायचं. घड्याळ लावून मी मोजलं, एका मिनिटात चौदा बदल. दोन आठवड्यांनी अडतीस. आकड्याची माझी आवडही भागली आणि प्रत्येक आकडा एका ठरावीक गाण्याच्या एका ठरावीक ओळीत जाऊन बसत होता.

आईचं भजनी मंडळ आहे, बारा-चौदा जणींचं. दुसऱ्या वर्षीच्या कार्तिकी एकादशीला आईनं फर्मावलं, गजराला तू गिटार घेऊन बस. पेटी काळी चारला, म्हणजे चौथ्या काळी पट्टीवर सा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला की जी ची बोटं काळी चारला वाजतात, हे मी आधी जुळवून ठेवलं होतं. पण मंडळाची पेटी जुनी, तिचा स्वर ट्यूनरपेक्षा किंचित उतरलेला. ट्यूनर पिशवीत टाकला आणि एकेक तार पेटीवर कानानं लावली. शेजारच्या काकू टाळ मांडीवर ठेवून माझं तारा पिळणं कौतुकानं बघत होत्या.

गजर विलंबित सुरू झाला. दोन-तीन कॉर्ड्स, भजनी ठेका, माझे बदल वेळेवर पडत होते. मग गजर चढायला लागला. मेट्रोनोम जिथं लावाल तिथं राहतो. चौदा बायका आणि टाळ राहत नाहीत. प्रत्येक आवर्तनाला लय थोडी पुढं. घरी मी जिथवर पोचले होते तो वेग मागं पडला, आणि एका आवर्तनात डी आलाच नाही. बोटं मध्येच कुठंतरी. घरी मी अशा वेळी थांबले असते, 'च्च' म्हणून परत सुरू केलं असतं. इथं थांबायला जागाच नव्हती. आईनं डोळे मिटलेले, काकूंचे टाळ कानाशी, तबलजी मान डोलावत पुढं निघालेला. सर नेहमी सांगायचे, डावा हात चुकला तरी उजवा थांबवायचा नाही, तो पाळण्यासारखा हलत राहिला पाहिजे. मी उजवा हात चालू ठेवला. तारांवर नुसता खस-खस आवाज झाला, टाळासारखा, आणि पुढच्या समेवर डावा हात जी वर येऊन टेकला. कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. दोन वर्षांत एकाही व्यायामानं मला ही गोष्ट शिकवली नव्हती, आणि शिकवू शकलाही नसता, कारण व्यायाम आपल्यासाठी थांबतो.

सकाळी उठून डावीकडे लिहिलं: 'जी–डी, लय चढल्यावर करंगळी उडते. चढत्या लयीत करणे.' सरांनी मेट्रोनोमऐवजी फोनवर ठेका लावायला सांगितला आणि दर आठ आवर्तनांनी लय वाढवायला.

स्पायडर मी सोडलेला नाही. रोज पाच मिनिटं, साठवर, शहाण्णवच्या मागं न लागता. कुठलंच गाणं मागत नाही असंही थोडं काम हाताला लागतं. एकटा स्वर स्वच्छ आहे की नाही हे ऐकायची सवय तिथंच राहते. नाहीतर तारा पुन्हा मुक्या व्हायला वेळ लागत नाही. थकून घरी आले तर मात्र सरळ गाणं घेते, त्या दिवशी डावी बाजू कोरी राहिली तरी चालते. आणि आठवड्यातून तीनदा एक गाणं, मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत, काहीही झालं तरी न थांबता. तेवीस गाण्यांतली सात अशी पूर्ण झाली आहेत. क्लासमधली कॉलेजची मुलं आठवड्याला नवीन गाणं मागतात, तेव्हा मी न राहवून मध्ये बोलते. अरे, आधीच्याचा अंतरा?

यंदा आईचा आवाज उतरला आहे. काळी चारचा वरचा सा तिला आता झेपत नाही, मागच्या एकादशीला तिनं तो शेजारच्या काकूंवर सोडला आणि स्वतः खाली राहिली. मंडळानं गुपचूप ठरवलंय, आषाढीला पेटी काळी तीनला. तिच्यासमोर कारण कुणी बोललं नाही. मला त्यासाठी कॅपो चौथ्या फ्रेटवर न्यावा लागतो आणि जी सोडून डी च्या बोटांनी वाजवावं लागतं. म्हणजे सगळे बदल नवे. वरच्या फ्रेट्स अरुंद असतात, तिथं ए कॉर्डची तीन बोटं एकाच घरात मावत नाहीत, अनामिका बाहेर ढकलली जाते आणि दुसरी तार खरखरते. काल रात्री मिनिटाला एकोणीस बदल झाले. वहीत लिहिलेत, पण कुठल्या बाजूला ते बघायचं राहिलं, मधल्या रेघेवरूनच ओळ गेली आहे. आषाढीला अजून अठरा दिवस आहेत.